अक्षर लहान, ताप महान!

फाइल मॅनेजरमध्ये अक्षरं ठीकठाक, व्हीएलसीत मुंगीएवढी आणि ब्राउझरमध्ये थेट होर्डिंगएवढी! लिनक्सवर हा फॉन्टचा झोल होतो कशामुळे आणि एका निवांत रविवारी तो निस्तरायचा कसा, त्याचा हा साधासोपा फंडा.

तर दोस्तहो, एक सोपा प्रश्न. ११ म्हणजे किती?

हसू नका. पहिलीतल्या पोराला येईल असं उत्तर आहे, मान्य. पण लिनक्स असलेला लॅपटॉप उघडा, चार-पाच प्रोग्रॅम शेजारी-शेजारी लावा आणि मग परत सांगा. फाइल मॅनेजरमध्ये फॉन्ट ११ वर आहे, बऱ्यापैकी वाचता येतोय. व्हीएलसीचा मेनू त्याच्या पाऊणपट. ऑफिसच्या चॅटचं अ‍ॅप आपल्याच मस्तीत. ब्राउझरचा मेनू एका मापाचा, आतलं पान भलत्याच. आणि लिब्रेऑफिसमध्ये इंग्रजी ओळ छान टपोरी, तर तिच्या खालची मराठी ओळ अंग चोरून बसलेली, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी! सगळ्यांचं ११ वेगळं. डोक्याला शॉट नुसता.

आता तुम्ही म्हणाल, लिनक्स आहे कुणाकडे? तर बॉस, असतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. म्हणजे चांगल्या धडधाकट, पण वयानं मोठ्या लॅपटॉपवाल्यांपुढे मुख्य रस्ते दोन. नव्या लॅपटॉपचा ईएमआय, नाहीतर लिनक्स. आमच्या घरानं दुसरा रस्ता धरला.

हा लॅपटॉप घरात सगळ्यात जास्त वापरतात ते बाबा. रिटायर्ड माणूस, त्यात सोसायटीचे सेक्रेटरी. नोटिसा, मीटिंगची मिनिट्स, मेन्टेनन्सचा हिशेब, सगळं त्याच्यावर. लिनक्स टाकल्यावर दोन दिवस खूश होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘अगं, मशीन फास्ट झालंय हे खरं. पण प्रत्येक खिडकीला मला वेगळा चष्मा लागतोय. त्यापेक्षा नवीनच घेऊन टाक ना.’

नवीनच घेऊन टाक! म्हणजे माझे चाळीस-पन्नास हजार गेले की. बरं, तोवर काय? मी रात्री साडेनऊला ऑफिसातून घरी टेकते न टेकते तोच, ‘जरा ही पाण्याच्या टाकीची नोटीस टाइप करून दे गं.’ जो माणूस कालपर्यंत स्वतःची कामं स्वतः करत होता, तो केवळ अक्षरं दिसत नाहीत म्हणून माझ्यावर अवलंबून राहायला लागला होता. पैशांपेक्षा हे जास्त टोचलं. म्हटलं, या ११ चा छडा लावायचाच.

पॉइंट काय आहे?

फॉन्टचं माप पॉइंटमध्ये असतं. हे छपाईतलं माप. कॉम्प्युटरच्या हिशेबात एका इंचात ७२ पॉइंट. कागदावर सगळं सरळ असतं, कारण कागदाला इंच कळतो. स्क्रीनला इंच कळत नाही, तिला कळतात फक्त पिक्सेल. मग मध्ये एक दुभाषा लागतो. त्याचं नाव डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके धरायचे तो आकडा. हिशेब असा: पॉइंट गुणिले डीपीआय, भागिले ७२. आले पिक्सेल.

१९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशनं हा आकडा ७२ धरला. एक पॉइंट म्हणजे एक पिक्सेल, विषय संपला. विंडोजनं ९६ धरला. वेबनंही पुढे तोच धरला, म्हणून ब्राउझरमधले १६ पिक्सेल म्हणजे १२ पॉइंट असं गणित आहे. लिनक्सचे डेस्कटॉपही आज साधारण ९६ वरूनच सुरुवात करतात. ११ गुणिले ९६ भागिले ७२, उत्तर साधारण १४.७ पिक्सेल.

गोची पुढे आहे. हा ९६ निव्वळ मानलेला आकडा आहे. तुमच्या स्क्रीनवर खरोखर किती ठिपके आहेत, याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. १५.६ इंचांच्या फुल एचडी लॅपटॉपवर एका इंचात साधारण १४१ ठिपके असतात. ते १४.७ पिक्सेल त्यावर टाकले, तर डोळ्यांना दिसणारं माप उरतं साडेसात पॉइंट! तेच २४ इंचांच्या फुल एचडी मॉनिटरवर टाका. तिथे इंचाला ९२ ठिपके, म्हणजे माप होतं साडेअकरा. ऑफिसच्या मॉनिटरवर टपोरी दिसणारी अक्षरं घरी आल्यावर अचानक का रोडावतात, त्याचं उत्तर हे आहे. तुमच्या चष्म्याचा नंबर एका लोकल प्रवासात वाढत नाही.

आणखी एक गंमत. पॉइंटचा आकडा अक्षराची उंची सांगतच नाही. तो सांगतो अक्षर ज्या काल्पनिक चौकटीत बसवलंय, तिचं माप. चौकटीत अक्षर किती भरायचं ते फॉन्ट बनवणारा ठरवतो. म्हणून डेजाव्हू सॅन्सचं ११ अंगानं भरलेलं दिसतं आणि टाइम्ससारख्या फॉन्टचं ११ सडपातळ. दोन्ही खरं बोलतायत, फक्त दोघांची हाडं वेगळी.

दोन घराणी, एक घर

ठीक आहे, लहान का दिसतं ते कळलं. पण एकाच स्क्रीनवर प्रत्येकाचं वेगळं का? त्यासाठी थोडा फ्लॅशबॅक.

१४ ऑक्टोबर १९९६. हो, तारीख तीच, विंडोज १० वाली, फक्त २९ वर्षं आधी. त्या दिवशी माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्यानं केडीई या नव्या डेस्कटॉपची घोषणा केली. त्याची तक्रार काय होती माहितीये? लिनक्सवरचे प्रोग्रॅम एकमेकांसारखे दिसत नाहीत, वागत नाहीत, सामान्य माणसानं वापरायचं कसं! म्हणजे आमच्या बाबांची तक्रार, २९ वर्षं आधी.

त्यानं खिडक्या, बटणं, मेनू बनवायला क्यूटी नावाचं टूलकिट घेतलं. टूलकिट म्हणजे तयार सुट्या भागांचा डबा. क्यूटी नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचं होतं आणि त्याचं लायसन्स तेव्हा पूर्ण मुक्त नव्हतं. ते काहींना रुचलं नाही. म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं. त्यांनी डबा घेतला जीटीके, जो मुळात गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमसाठी बनला होता. क्यूटीचं लायसन्स नंतर मोकळं झालं, पण तोवर दोन संसार थाटले गेले होते. एकी करायला निघाले आणि घराणी झाली दोन!

बरं, घराण्यांच्या आतही पिढ्या आहेत. जीटीके-३ आलं २०११ मध्ये, जीटीके-४ आलं २०२० च्या शेवटी. आणि ज्याच्यासाठी जीटीके जन्मलं, तो गिंप जीटीके-२ वरून ३ वर आला मार्च २०२५ मध्ये. चौदा वर्षांनी! मालकाच्याच घरी गिझर सगळ्यात शेवटी बसावा, तसला प्रकार.

यात तिसरी जमात मिळवा. चॅट, नोट्स, कोड लिहायचं व्हीएस कोड, असे कितीतरी प्रोग्रॅम इलेक्ट्रॉनवर बनतात. म्हणजे आत अख्खा क्रोमियम ब्राउझर बसलेला असतो. त्यांचा हिशेब पिक्सेलचा आणि झूमचा. जावावाल्यांचा आणखी वेगळा. एकाच फ्लॅटमध्ये चार भाडेकरू आणि चौघांची गॅसची कनेक्शन्स चार!

कोण कुणाचं ऐकतं?

आमच्या सोसायटीत सगळ्यांना काही कळवायचं तर एक नोटीस बोर्ड आहे. जुन्या एक्स-११ पद्धतीच्या लिनक्समध्येही असाच बोर्ड असतो. त्यावर ‘एक्सएफटी डॉट डीपीआय’ नावाची एक ओळ असते. तिथे ९६ च्या जागी १२० लिहिलं, की बोर्ड वाचणारे सगळे आपापली अक्षरं सव्वापट करतात. जीटीके वाचतं, क्यूटी वाचतं, मोठे ब्राउझरही दखल घेतात. न वाचणारे दोन-चार प्रत्येक सोसायटीत असतातच, तसे इथेही आहेत.

नव्या वेलँड पद्धतीत हा सामायिक बोर्ड नाही. तिथे खिडक्यांचा कारभार बघणारा मुख्य प्रोग्रॅम प्रत्येक खिडकीला स्वतंत्रपणे सांगतो, ‘तू १०० टक्के, तू १२५.’ म्हणजे प्रत्येकाच्या दारात जाऊन निरोप. पण तो निरोप पूर्ण खिडकीचा असतो, नुसत्या अक्षरांचा नसतो. नुसती अक्षरं मोठी करायचा ग्नोमचा जो गुणक आहे, तो जीटीकेवाले पाळतात. क्यूटीवाल्यांपर्यंत तो बऱ्याचदा पोचतच नाही. आणि वेलँड हाच आता राजरस्ता होत चाललाय. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबंटू २५.१० मधून ग्नोमचा एक्स-११ चा पर्यायच काढून टाकलाय. म्हणून एखाद्या मित्राचा जालीम उपाय तुमच्याकडे चालेलच असं नाही. आधी आपल्याकडे बोर्ड आहे की दारोदार निरोप, ते बघा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’विषयीच्या माहितीत एक्स-११ की वेलँड हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं.

आता कामाला लागू

बरेच जण काय करतात? या अ‍ॅपमध्ये थोडं झूम, त्या अ‍ॅपमध्ये फॉन्ट १३, तिसऱ्यात आणखी काही. भाजीत मीठ कमी म्हणून प्रत्येकानं येता-जाता चिमूटभर टाकायचं. मग एक दिवस सगळंच खारट! सव्वापट अधिक सव्वापट म्हणजे दीडपट नाही होत, १.२५ गुणिले १.२५ म्हणजे १.५६ पट होतं. म्हणून पहिला नियम: आधी सगळे झूम १०० टक्क्यांवर, सगळे फॉन्ट मूळ मापावर. कोरी पाटी.

मग मोजा. फाइल मॅनेजर, ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि एखादा क्यूटीवाला, उदाहरणार्थ व्हीएलसी, असे शेजारी लावा. एक स्क्रीनशॉट काढा, तो मोठा करून मेनूतल्या एखाद्या कॅपिटल अक्षराची उंची पिक्सेलमध्ये मोजा. डोळ्यांना ‘काहीतरी गडबड आहे’ एवढंच कळतं, मोजल्यावर कुणाची गडबड आहे ते कळतं. आमच्याकडे व्हीएलसी नापास, ब्राउझर काठावर पास.

आता मोठा निर्णय. पूर्ण स्क्रीन मोठी करायची की फक्त अक्षरं? आयकॉन, बटणं, अक्षरं, सगळंच बारीक वाटत असेल, तर डिस्प्ले सेटिंग्जमधलं स्केल वापरा, १२५ किंवा १५० टक्के. केडीई प्लाझ्मावर वेलँड असेल तर प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केल देता येतं, म्हणजे लॅपटॉपला १५० आणि बाहेरच्या मॉनिटरला १००. अशा वेळी जुने एक्स-११ प्रोग्रॅम धूसर दिसू शकतात. प्लाझ्मात त्यांच्यासाठी ‘लेगसी’ अ‍ॅप्सचा वेगळा पर्याय आहे, त्यांचं मापन त्यांच्यावर सोपवायचं की सिस्टिमनं करायचं. स्वतःवर सोपवलं की अक्षरं सहसा स्वच्छ येतात.

आणि बटणं ठीक, फक्त अक्षरं बारीक असतील, तर ‘टेक्स्ट स्केलिंग’. लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये ते फॉन्टच्याच पानावर आहे. ग्नोममध्ये ‘ट्वीक्स’ नावाचं छोटं अ‍ॅप टाकून घ्या. त्याचा कंटाळा असेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘लार्ज टेक्स्ट’ चालू करा, ते सरळ सव्वापट करतं. एक्सएफसीईत अपिअरन्सच्या फॉन्ट टॅबवर ‘कस्टम डीपीआय’ आहे, तिथे १२० लिहा. गुणक आणि डीपीआय हे एकाच गोष्टीचे दोन चेहरे आहेत. ९६ गुणिले १.२५ म्हणजे १२०. दोन्ही नॉब एकदम फिरवू नका, एवढंच सांभाळा. सव्वापट केल्यावर बाबांच्या स्क्रीनवरचं ते साडेसात पॉइंटचं माप ९.४ वर आलं. जीटीकेवाले सगळे एका सुरात गायला लागले.

राहिले क्यूटीवाले. तुम्ही केडीई वापरत असाल तर त्यांचं काहीच टेन्शन नाही, सेटिंग्जमधल्या फॉन्टच्या पानावर सगळे फॉन्ट एकदम बदलायचं बटण आहे. इतर डेस्कटॉपवर मात्र त्यांना कुणीतरी सांगावं लागतं, नाहीतर ते आपलं ठरलेलं माप काढतात, सहसा ९. त्यासाठी क्यूटी-५-सीटी आणि क्यूटी-६-सीटी ही दोन छोटी अ‍ॅप्स आहेत. क्यूटीच्या दोन्ही पिढ्यांचे प्रोग्रॅम सर्रास वापरात असल्यानं दोन्ही लागतात. त्यात फॉन्टचं नाव आणि आकडा डेस्कटॉपसारखाच द्या. आणि क्यूटीनं त्यांचं ऐकावं म्हणून ‘क्यूटी क्यूपीए प्लॅटफॉर्मथीम’ हे व्हेरिएबल त्यांच्या नावानं लावा.

एवढं करून वेलँडवर अक्षरं अजून लहानच असतील, तर रामबाण आहे ‘क्यूटी फॉन्ट डीपीआय’ हे व्हेरिएबल. तीनही शब्द कॅपिटल अक्षरांत, मध्ये अंडरस्कोअर, पुढे बरोबरचं चिन्ह आणि १२०, अर्थात इंग्रजी अंकांत. ही ओळ कुठे लिहायची? तुमच्या होम फोल्डरात ‘डॉट कॉन्फिग’ नावाचं लपलेलं फोल्डर असतं. त्यात ‘एन्व्हायर्नमेंट डॉट डी’ नावाचं फोल्डर करा आणि त्यात ‘डॉट कॉन्फ’नं संपणाऱ्या एका साध्या फाइलमध्ये ती लिहा. लॉगआउट, परत लॉगिन, झालं. त्याचा चुलतभाऊ ‘क्यूटी स्केल फॅक्टर’ मात्र लांब ठेवा. तो अक्षरांसकट अख्खी खिडकी फुगवतो. दोघं एकत्र आले की पुन्हा १.५६ चा तमाशा.

ब्राउझरचं सोपं आहे. फायरफॉक्स आणि क्रोम डेस्कटॉपचा गुणक साधारणपणे स्वतःच उचलतात. तरी फायरफॉक्सचा मेनू आणि पान दोन्ही एकदम लहान-मोठं करायचं असेल, तर ‘अबाउट कॉन्फिग’मध्ये ‘डेव्हपिक्सेल्सपरपीएक्स’ शोधा. तिथे उणे एक असतं, म्हणजे ‘सिस्टिमला विचार’. त्याऐवजी १.२५ लिहिलं की तो स्वतःच्या मनानं चालतो. इलेक्ट्रॉनच्या अ‍ॅप्समध्ये कंट्रोल आणि प्लसचं बटण बहुतेक ठिकाणी चालतं. व्हीएस कोडमध्ये दर टप्प्याला साधारण २० टक्के वाढ होते आणि एडिटरचा फॉन्ट वेगळा असतो, सुरुवातीला १४. टेलिग्रामच्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये स्केलची स्वतःची पट्टी आहे. जावाच्या जुन्या प्रोग्रॅमला सुरू करतानाच ‘यूआय स्केल’ दोन आहे, असं सांगता येतं.

एवढं करूनही एखादं फ्लॅटपॅक अ‍ॅप हट्टीपणा करत असेल, तर ते बंद खोलीत राहतं हे लक्षात घ्या. त्याला बाहेरची सेटिंग्ज ‘पोर्टल’ नावाच्या खिडकीतून मिळतात. तुमच्या डेस्कटॉपचं पोर्टल पॅकेज बसवलंय का, ते आधी तपासा. खिडकीच नसेल तर आतल्यानं बघायचं कुठून?

आणि आपली मराठी?

इथपर्यंत आल्यावर इंग्रजी मेनू सगळीकडे एकसारखे झाले. पण बाबांचं काम मराठीत. आणि मराठीचा मामला जरा निराळा.

तुम्ही डेस्कटॉपला जो फॉन्ट निवडता, त्यात देवनागरी अक्षरं असतीलच असं नाही. नसली की ‘फॉन्टकॉन्फिग’ नावाची व्यवस्था गुपचूप दुसरा फॉन्ट शोधून आणते. तो कधी नोटो, कधी लोहित, कधी आणखी कुणी जुना पाहुणा. म्हणून एकाच ओळीत इंग्रजी एका हाडापेराची आणि मराठी दुसऱ्या. त्यात देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. त्याच चौकटीत एवढा सगळा संसार मांडायचा, तर मधलं अक्षर बारीक होतंच. जागा कमी पडली की काही अ‍ॅप्समध्ये उकाराचे पाय कापले जातात, ते वेगळंच.

आपल्याकडे कोण येतंय हे बघायला टर्मिनलमध्ये ‘एफसी-मॅच’ ही आज्ञा आहे. तिला ‘सॅन्स’ हे नाव द्या, पुढे कोलन आणि भाषा ‘एमआर’. एमआर म्हणजे मराठीचा आंतरराष्ट्रीय कोड. उत्तरात आलेला फॉन्ट आवडला नाही तर बदला. नोटो सॅन्स देवनागरी बहुतेक ठिकाणी एका क्लिकवर मिळतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचा ‘मुक्त’ हाही फुकट आहे. त्यात देवनागरी आणि रोमन एकाच हातानं बनवलेली असल्यानं दोन्हींची मापं एकमेकांना शोभतात. डेस्कटॉपचा फॉन्ट म्हणून तोच निवडला, तर शोधाशोधीचा प्रश्नच येत नाही.

फायरफॉक्समध्ये एक मस्त सोय आहे, जी फारशी कुणी उघडून बघत नाही. सेटिंग्जमध्ये ‘फॉन्ट’ शोधा, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’. तिथे लिपी निवडता येते. ‘देवनागरी’ निवडा, माप १६ चं १८ करा आणि सगळ्यात खाली ‘किमान माप’ १५ किंवा १६ ठेवा. ज्या वेबसाइटनं आपली भाषा मराठी असल्याचं नीट सांगितलंय, तिथे मराठी यापेक्षा बारीक होणार नाही. इंग्रजी पानांना धक्काही लागत नाही.

आणि लिब्रेऑफिस! इथे प्रत्येक स्टाइलमध्ये फॉन्टची वेगवेगळी खाती असतात. एक ‘वेस्टर्न’, म्हणजे इंग्रजी वगैरे. दुसरं ‘सीटीएल’, म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, ज्यात देवनागरी येते. वेस्टर्नमध्ये १४ लिहिलं तरी मराठी आपली १२ वरच बसून राहते, कारण तिचं खातं वेगळं. ‘आम्ही आकडा बदलला पण अक्षर हललंच नाही’ ही तक्रार ऐकलीत, तर निदान तिथल्या तिथे करून टाका. टूल्सच्या ऑप्शन्समधल्या भाषेच्या पानावर सीटीएल चालू करा, तिथली भाषा मराठी ठेवा. मग डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल उघडून सीटीएलचा फॉन्ट आणि आकडा वेगळा ठरवा. आमच्याकडे इंग्रजी १२ आणि मराठी १४ असं ठेवलं, तेव्हा दोघी शेजारी शेजारी शोभायला लागल्या.

त्या रविवारी संध्याकाळी बाबांनी लिफ्टच्या दुरुस्तीची नोटीस स्वतः टाइप केली. त्यात ‘विनंती’चा ‘वि’ दीर्घ झाला होता, तो त्यांनीच पकडला. ‘आता दिसतंय गं,’ एवढंच म्हणाले. नवीन लॅपटॉपचा विषय परत निघाला नाही.

चटकन निदान

सगळीकडेच बारीक: स्केल किंवा टेक्स्ट स्केलिंग, दोन्हींपैकी एकच.
फक्त व्हीएलसी, ओक्युलर वगैरे बारीक: क्यूटीचा फॉन्ट, नाहीतर क्यूटीचा डीपीआय.
एखादीच खिडकी राक्षसी: दोन नॉब एकदम फिरलेत, एक मागे घ्या.
अक्षर मोठं पण धूसर: वेलँडवर चाललेला एक्स-११ प्रोग्रॅम.
इंग्रजी ठीक, मराठी बारीक: फॉन्टकॉन्फिगचा पाहुणा किंवा लिब्रेऑफिसचं सीटीएल.
बाकी सगळे ठीक, एकच हट्टी: फ्लॅटपॅकचं पोर्टल.

एक शेवटचं. जे जे बदललं, ते एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. कुठला नॉब, आधी किती, नंतर किती, तारीख. लिनक्सची मोठी आवृत्ती बदलते तेव्हा यातली एखादी गोष्ट हमखास हलते आणि तेव्हा ती फाइल दहा मिनिटांत काम करून देते. शिवाय ऑफिसात कुणी ‘यार, माझं लिनक्स विचित्र दिसतंय’ म्हणालं, की ती फाइल पुढे करायची आणि बदल्यात एक कटिंग वसूल करायचा.

आणि हो, ११ म्हणजे किती, हा प्रश्न मुलाखतीत कुणी विचारला तर उत्तर देऊ नका. उलट विचारा, ‘कुठल्या स्क्रीनवर?’